जुन्या डब्यातल्या मेल

हरिहरेश्वर, १४ नोव्हेंबर
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

कल्पिता,

रिकामा लॅपटॉप पाठवून तू काय मिळवलंस ते मला एकदा सांग. एवढं मोठं खोकं, वर प्लास्टिक, आत थर्माकोल, थर्माकोलच्या आत लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या आत काय? काही न्हाय. एक चिठ्ठी पण न्हाय. कुरिअरवाला बोर्लीच्या पुढं यायला तयार नव्हता, म्हणून दिवाळीची गिऱ्हाइकं घरात सोडून मी रिक्षाने जाऊन खोकं मांडीवर घेऊन आले. तुझ्या बाबांना खुर्चीत बसवलं, समोर ठेवला. त्यांनी डाव्या हाताने उघडला. तोंड एका बाजूने हसलं, दुसरी बाजू आता हसत न्हाय. मग बोट फिरवत राहिले. हिरवं शेत, निळं आभाळ, बाकी काही न्हाय. फिरवून फिरवून दमले आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच कुठं काढून ठेवलंय. मग डोळ्यांतून पाणी. झटका आला तेव्हा रडला न्हाय तो माणूस लॅपटॉप बघून रडला.

तुझी मेल त्यात न्हाय. एक पण न्हाय. समजलं का तुला?

गोदूआत्येने तुला सांगितलं की बाबांचा कॉम्प्युटर बिघडला. बरोबर सांगितलं. तू लगेच नवीन पाठवलास. पण जुन्यातलं नव्यात आणायचं कुणी? ते काय आपल्या पायांनी चालत येणार हाय? इथं खोलीत उतरतो तो प्रत्येक माणूस मला हसून सांगतो, काकू, मेल इंटरनेटवर असते, कुठूनही उघडते. पुण्याच्या एका शहाण्याला मी हाताला धरून आणला, म्हटलं उघड. त्याने बरंच काही केलं, गोदूने फोनवर बाबांच्या मेलचा नंबर का पत्ता काय तो सांगितला, त्याने उघडून दाखवलं. वर काही न्हाय. सगळं कोरं. मग तो म्हणाला, "काकू, कुणीतरी अशी सोय केलीय की मेल खाली डब्यात उतरते आणि वरून पुसली जाते."

कुणीतरी म्हणजे तू. मला आठवतं ना. खोल्यांचं बुकिंग मेलवर यायला लागलं तेव्हा इथं नेट कधी असायचं, कधी नसायचं. तू म्हणालीस, बाबा, एकदा उतरवून घेतली की नेट नसलं तरी वाचता येईल. बुकिंग पुढं फोनवर यायला लागलं. मेल तुझ्याच राहिल्या.

तुमचं बापलेकीचं मेलवर चालतं हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी आंधळी न्हाय. ह्यांनी लपवलं न्हाय, मी विचारलं न्हाय. "पोरगी बरी हाय," एवढं जेवताना बोलायचे, भाताकडे बघून. मी आमटी वाढायचे. तेवढ्यावर आमचं भागत होतं.

आता बाबांचं कसं हाय ते गोदू तुला सांगत असेल, पण ती गोड करून सांगते. मी सांगते ते ऐक. उजवा हात, उजवा पाय न्हाय. बोलणं गेलं. एक शब्द उरलाय, "बरं". भूक लागली का? बरं. लघवीला जायचंय का? बरं. मी कोण? बरं. सकाळी उठले की त्यांना कॉम्प्युटरसमोर नेऊन बसवायचं. चालू केला की डाव्या बोटाने माउसचं चाक फिरवतात, तुझ्या मेल खाली खाली जातात. वाचतात की नुसतं बघतात ते देवाला ठाऊक. पण एका मेलला थांबतात आणि हसतात. रोज त्याच मेलला. माणगावचे डॉक्टर म्हणाले, बघू द्या, त्यांना त्यातून काही आठवत असेल. आता दसऱ्यापासून तो कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो. ते हसायच्या ठिकाणी पोचायच्या आधीच बंद पडतो. मग दिवसभर माझी पाठ सोडत न्हाईत.

मी फोन केला असता. जुना नंबर तू बंद केलास. नवा गोदूकडे हाय, पण ती म्हणते, "पोरीने शपथ घातलीन वहिनी, मी देणार न्हाय." आईला नंबर द्यायचा न्हाय म्हणून आत्येला शपथ. छान. तुझा पत्ता मी खोक्यावरून बघून बघून काढलाय, एकेक अक्षर रांगोळीसारखं. पोस्टातल्या बाईने दोन ठिकाणी दुरुस्त केला.

मी चौथी पास, तुला ठाऊक हाय. शेवटचं पत्र माझ्या आईला लिहिलं तेव्हा तू पोटात होतीस. तरी हे कुणाकडून लिहून घेतलं न्हाय, गावाला कशाला सांगायचं. जुन्यातल्या मेल नव्यात कशा आणायच्या ते कागदावर लिहून पाठव. मराठीत, मोठ्या अक्षरात.

आई


हरिहरेश्वर, २९ नोव्हेंबर

कल्पिता,

उत्तर न्हाय. मी पोस्टात दोनदा जाऊन आले. पोस्टातली बाई म्हणते, रजिस्टर केलं असतंत तर पोच आली असती. तर हे रजिस्टर करतेय. आता पोचलं न्हाय असं म्हणायला तुला जागा न्हाय.

तू न्हाय सांगितलंस म्हणून मी दुसरीकडे गेले. बोर्लीला बाजारात गणराज म्हणून हाय, कॉम्प्युटर दुरुस्त करतो, लग्नाच्या पत्रिकाही छापतो. जुना डबा गोणपाटात बांधला, नवा लॅपटॉप पिशवीत घेतला आणि गेले. बाबांना शेजारच्या कृष्णाबाईंकडे सोपवलं. तिथून निघताना ते डब्याकडे बघत होते, माझ्याकडे न्हाय.

गणराजने पेचकसाने झाकण काढलं आणि नाक दाबलं.

"काकू, ह्यात बोंबील ठेवले होते का?"

"ह्यात न्हाय. ह्याच्या शेजारी."

"शेजारी म्हणजे कुठं?"

"चुलीवर."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "काकू, कॉम्प्युटर चुलीवर?"

आता तू पण तसंच बघशील, म्हणून आधीच सांगते. चुलीत न्हाय, चुलीवरच्या फळीवर. वादळात पत्रे गेले तेव्हापासून ऑफिसच्या खोलीत पावसाळ्यात भिंत घाम सोडते. बाबा यंदा वैशाखात पडले, पावसाआधी आगोटीचं सगळं मला एकटीला भरायचं होतं. सुकट, बोंबील, मिरच्या, चिंच, पेरायचं बियाणं, जे जे पावसात ओलं होऊ द्यायचं नसतं ते आपण धुराच्या वर ठेवतो. माझ्या सासूने ठेवलं, तिच्या सासूने ठेवलं. कधी काही सडलं न्हाय. मी विचार केला, घरात सगळ्यात जपायची वस्तू कुठली? तर हा डबा. दवाखान्यातून आणल्यावर ह्यांनी पहिलं बोट त्याच्याकडे केलं होतं. म्हणून गोणपाटात गुंडाळून चुलीवरच्या फळीवर ठेवला. पाऊस उघडेपर्यंत तिथंच होता. मधे बाबा रोज मागायचे, मी सांगायचे, दसऱ्याला. बरं, म्हणायचे. ह्यात मी काय वाईट केलं? आणि ती चूल पण काय फक्त आपल्या भाकरीपुरती पेटते? तुमच्या शहरातल्या लोकांना चुलीवरचं जेवण पाहिजे, म्हणून ती दिवसभर जळते. पाटीच लावलीय बाहेर.

गणराजने ब्रशने आतली काजळी काढली. ओंजळभर निघाली. एका कोपऱ्यात झुरळांची अंडी होती ती काढली. मला म्हणाला, "काकू, आतली डिस्क फिरतेय हे नशीब समजा." मग दोन्ही डबे वायरने जोडले, चहा मागवला आणि जुन्यातलं नव्यात घेतलं. मला दाखवलं पण, एक हिरवी पट्टी भरत भरत पुढं जाते. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या बायकोसाठी दोन नारळ ठेवून आले.

घरी येऊन बाबांना बसवलं. लॅपटॉपमध्ये काय आलं होतं? खोल्यांच्या दराचे कागद. नारळाच्या वाडीचे फोटो. प्रदक्षिणेच्या वाटेवर उभ्या असलेल्या कुणाकुणाचे फोटो, त्यांना मी ओळखत पण न्हाय. मेल एक न्हाय. बाबांनी थोडा वेळ बघितलं आणि डाव्या हाताने लॅपटॉपचं झाकण लावलं. "बरं," म्हणाले. हा "बरं" वेगळा होता. मला आता ते बरं ऐकून कळतं.

परत डबा बांधला, परत बोर्लीला. गणराजचं डोकं खाल्लं. तो म्हणाला, "काकू, मेल तिथं नसतात. त्या आतल्या खोलीत असतात. ती खोली मला सापडलीय, पण तिला कुलूप हाय."

"कुणी लावलं?"

"ज्याने मेल बसवली त्याने. ह्या डब्याची ओळख हाय म्हणून इथं ते आपोआप उघडतं. दुसऱ्या डब्यात न्यायला गेलं की चावी मागतं."

मग आठवलं. गिऱ्हाइकांची पोरं ऑफिसात येऊन गेम खेळायची म्हणून तूच काहीतरी करून ठेवलं होतंस. गणराजने तुझं नाव टाकून बघितलं. तुझी जन्मतारीख टाकली, मी सांगितली. गावाचं नाव टाकलं. न्हाय उघडलं. तेवढ्यात डब्यातून टकटक आवाज यायला लागला, जुन्या लाकडात किडा बोलतो तसा. गणराजने झटकन वायर ओढली.

"काकू," तो म्हणाला, "आता हा चालू करू नका. अजिबात न्हाय. एकदा, फार तर एकदाच चालेल. चावी हातात असली तरच चालू करायचा, सगळं एका दमात काढून घ्यायचं. चावी नसताना चालू केला तर तेवढा जीव पण फुकट जाईल."

तर काम एवढंच हाय. पासवर्ड. एक शब्द. तो सांग. बाबांना विचारून बघितलं. म्हटलं, कल्पूने कुलूप लावलंय त्याची चावी काय?

"बरं."

आई


हरिहरेश्वर, १२ डिसेंबर
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

कल्पिता,

पोच आली. सही तुझीच हाय. इंग्रजीतलं तुझं नाव मला आता ओळखता येतं, खोक्यावर होतं तेच. पहिल्या अक्षराची तंगडी अजून तशीच लांब फेकतेस. म्हणजे पत्र हातात घेतलंस. उघडलंस की न्हाय ते पोचेवर लिहीत न्हाईत.

उघडलंसच. कारण गोदू आली होती काल. पाय धुवायच्या आधीच म्हणाली, "वहिनी, पोरगी विचारते, मेल दादाला हव्यात की तुला?"

मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं.

"आणखी काय विचारते?"

"म्हणते, मी चावी सांगितली की आई दुकानवाल्याकडून सगळं वाचून घेईल. ते मी फक्त बाबांना लिहिलंय."

"तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? मी मधली."

मधली! चहा घेतलान, पोहे खाल्लेन, दादाच्या डोक्यावरून हात फिरवून रडली आणि दुपारच्या गाडीने माणगावला गेली. नंबर मागितला तर पदराची गाठ घट्ट केली, जसा काय मी तो हिसकून घेणार होते.

म्हणजे तुला हे सगळं खोटं वाटतंय? मी बापाचं निमित्त करून तुझ्या मेल वाचायला बसलेय असं वाटतंय? अगं, तू मराठी लिहितेस ते पण इंग्रजी अक्षरांत. मला त्यातलं तुझ्या नावापलीकडे काही लागत न्हाय. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं असतं तर इतकी वर्षं खोल्यांत शिकलेली माणसं येऊन झोपून गेली, एकाला पण सांगितलं न्हाय. गणराज स्वतः म्हणाला होता, काकू, उघडली तर एखादी वाचून दाखवू का? मी त्याला म्हटलं, तुझ्या कामाशी काम ठेव. त्यात माझ्याबद्दल तू काय लिहिलं असशील ते मला न वाचता ठाऊक हाय. मला विकतचं दुखणं नको.

मला फक्त एक कळत न्हाय, ते कुठल्या मेलला हसतात. ती लांब न्हाय, आखूड हाय. फोटो न्हाय त्यात. वर निळी ओळ हाय. मी शेजारी बसते तेव्हा ती आली की मला डाव्या कोपराने ढोसतात, बघ म्हणून. मी म्हणते, बघितलं. काय बघितलं ते मला कुठं ठाऊक. असो. ते मी असंच लिहिलं.

आता घरात काय चाललंय ते ऐक, म्हणजे निमित्त हाय की काय ते कळेल.

डबा चालू करायचा न्हाय असं गणराजने सांगितल्यावर मी त्याची वायर काढली आणि तांदळाच्या पिंपात खाली खुपसून ठेवली. हे सकाळी उठले, हाताने मला ढकललं, चला म्हणून. मी म्हटलं, आज न्हाय, बिघडलाय. बरं. खुर्चीत बसले. काळी काच समोर. खांद्यावरच्या पंच्याने पुसली. वाट बघितली. मी इकडची कामं करून आले तरी तिथंच. परत पुसली. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी मी खुर्ची अंगणात नेऊन ठेवली, तर भिंतीला धरून धरून आत गेले आणि त्या काचेसमोर उभे राहिले. पडले असते म्हणजे? मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत न्हाय. मग खुर्ची परत आत नेली.

त्यांना वाटतं मी मुद्दाम करते. तुझ्या मेल हायत म्हणून करते. तसं ते बोलू शकत न्हाईत, पण मला त्यांची नजर ठाऊक हाय. तुमच्या कोर्टातल्या लग्नाहून परत आले तेव्हा अशीच होती. मी आले न्हाय तुझ्या लग्नाला, ते तुझं माझं. ते आपण बघू, न्हाय तर न्हाय बघू. त्यात ह्या माणसाला कशाला उभं करतेस? त्याला मी काय सांगू? डिस्क, जीव, एकदाच चालेल, हे मला धड कळलेलं न्हाय, त्याला काय कळणार?

पाटीवर बाराखडी लिहून पुढं ठेवली. म्हटलं, चावीच्या अक्षरावर बोट ठेवा. क वर ठेवलं. मी म्हटलं, पुढचं? परत क. पुढचं? परत क. मग माझ्या बांगड्या धरून बसले. क म्हणजे तू हे मला कळलं, पण ते टाकून झालंय, उघडत न्हाय.

तुझ्या निकेतरावांना विचार. ते कॉम्प्युटरमध्येच कामाला हायत असं गोदू म्हणते. त्यांना विचार, चुलीच्या धुरात राहिलेली डिस्क किती दिवस तग धरते. बसून बसून पण मरते का ती? गणराज म्हणतो, नक्की सांगता येत न्हाय, दमट हवेत बसून पण जाते. म्हणजे चालू करावा तर जाणार, न करावा तर जाणार. मी करू काय?

तू ज्याच्यावर रागावलीस त्याला शिक्षा कर. ती मी हाय. मला मेल नकोत. तू मला ह्या जन्मात एक अक्षर लिहिलं न्हाईस तरी मी मागायला येणार न्हाय.

पासवर्ड सांग.

आई


हरिहरेश्वर, ३ जानेवारी

कल्पिता,

नाताळ आणि एकतीस तारखेची गर्दी काल संपली. सगळ्या खोल्या भरलेल्या, अंगणात तंबू, चूल विझली न्हाय. मला लिहायला वेळ नव्हता आणि तुला पण नव्हता म्हणायचं. मागच्या पत्राची पण पोच आली. सही निकेतरावांची दिसते. बरी हाय सही, सरळ.

एकतीसला जे झालं ते सांगते. मी गिऱ्हाइकांच्या भाकऱ्या थापत होते. बाहेर गाणी चाललेली. मिक्सर लावायला गेले तर त्याची वायर न्हाय. म्हटलं, कुणी उचलली? शोधत ऑफिसच्या खोलीत गेले. हे जमिनीवर बसलेले. खुर्चीतून उतरले कसे, बसले कसे, देव जाणे. डबा मांडीत ओढून घेतलेला. मिक्सरची वायर दातांत धरून डाव्या हाताने ओढून काढली होती, तारा बाहेर आलेल्या, आणि ती उघडी तार डब्याच्या मागच्या भोकात घालत होते. दुसरं टोक भिंतीजवळ पडलेलं. नशीब, बटण उंच हाय.

मी वायर काढून घेतली. त्यांनी दिली. न भांडता दिली. मी म्हटलं, मेला असतात ना! म्हटलं, तुम्ही गेल्यावर मेल बघायच्या कुणी, मी? भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी मी त्यांना उचलायला गेले तर उचलेनात. दोन गिऱ्हाइकांना हाक मारली तेव्हा खाटेवर ठेवले.

त्या दिवसापासून "बरं" म्हणत न्हाईत.

विचारलं तरी न्हाय. जेवता का? काही न्हाय. पेज भरवली तर गिळतात, न्हाय भरवली तर मागत न्हाईत. सकाळी ऑफिसात न्यायला गेले, मुद्दाम, म्हटलं काळी काच तर काळी काच, तर भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणतात, दुसरा झटका वाटत न्हाय, मनावर घेतलं असेल, त्यांना आवडतं ते द्या. मी म्हटलं, डॉक्टर, आवडतं ते तांदळाच्या पिंपात हाय. त्यांना वाटलं म्हातारी चळली.

गोदूला सगळं सांगितलं. ती म्हणते, कळवते. काय कळवलं, तुला काय कळलं, मला काही कळत न्हाय. मी इथं एका माणसाला रोज न्हाय म्हणते आणि तिकडून मला रोज न्हाय येतं, न बोलता. मला भांडता येतं, कल्पिता. समोर माणूस असला तर मी कधी हरत न्हाय. पण एक बोलत न्हाय आणि एक बोलणार न्हाय, त्यांच्याशी कसं भांडायचं?

आता मी काय ठरवलंय ते नीट वाच.

गणराज चौदा तारखेला, मंगळवारी, इथं येतोय. त्याचं सामान, पंखा, सगळं घेऊन. डबा गाडीत हलवायची आता त्याला भीती वाटते. चावी असेल तर तो जुन्यातलं सगळं त्याच दिवशी नव्यात उतरवेल. चावी कशी द्यायची ते तू ठरव. मला सांगायची नसेल तर मला सांगू नको, त्याच्या दुकानाचा नंबर पाकिटाच्या मागं लिहिलाय, त्याला सांग. तो एकही मेल वाचणार न्हाय अशी शपथ मी त्याला घातलीय. तुमच्याकडे शपथा चालतात म्हणून. मी त्या वेळी खोलीत पण थांबणार न्हाय. बाहेर बसेन, तू म्हणशील तर विहिरीपलीकडे जाऊन बसेन.

स्वतः आलीस तर स्वतःच कुलूप काढ आणि तुझ्या हाताने घाल नव्यात. दोन नंबरची खोली त्या दिवशी कुणाला दिलेली न्हाय. त्यात काही समजू नकोस, तिथला पंखा बिघडलाय. दोघांना पुरते ती खोली.

आणि काही न्हाय कळवलंस, तर बुधवारी सकाळी मी पिंपातून वायर काढणार आणि डब्याला लावणार. त्यांना खाटेवरून उठवून खुर्चीत बसवणार. चालेल तेवढं चालेल. त्या आखूड मेलपर्यंत पोचले तर पोचले. टकटक करून बंद पडला तर पडला, मग तुझ्या सगळ्या मेल गेल्या, त्यांच्या आणि तुझ्या पण. पुढं राहाव्यात म्हणून मी आज त्यांच्याकडून काढून घेते, हे मला आता जमत न्हाय. त्यांच्याकडे पुढं किती हाय ते मला ठाऊक न्हाय. मग नंतर मला विचारायचं न्हाय, आई, तू का लावलीस वायर. मी विचारलं होतं. चार वेळा लिहून विचारलं.

मंगळवारी दिवस मावळेपर्यंत वाट बघेन. त्याच्या आत सांग.

आई